केमो नागपूरला, घर दारव्ह्याला

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी. पत्नीला स्तनाचा कर्करोग आहे. नागपूरला केमो सुरू होईल. खर्च, प्रवास, तिचं खचलेलं मन. मदत कुठे मिळेल?

उत्तर : दादा, पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, केमो आणि रेडिएशनही. रेशनकार्ड व आधार सोबत ठेवा.

एसटीत ताईंना अर्धं तिकीट आहेच. पुढे मुंबईला टाटा रुग्णालयात जावं लागलं, तर रेल्वेच्या स्लीपरमध्ये रुग्णाला पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र मागून घ्या.

माझी खरी काळजी वेगळी आहे. केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात. ताप १००.४ अंशांवर गेला, तर गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. लगेच यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या, केमोची फाईल दाखवा. गाडी नसेल तर १०८ लावा.

मन मोकळं करायला टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तुम्हीही बोला, सोबत्यालाही थकवा येतो.