भाडे ठरले, पण कशाचे?

आखाडा बाळापुरात घर हलवायचे म्हटले की आजही पहिली चौकशी ओळखीच्या गाडीवाल्याकडे होते. नांदेड-हिंगोली महामार्गावरचे हे बाजार समितीचे गाव, त्यामुळे छोटा हत्ती, पिकअप, आयशर यांची इथे ददात नाही. भाव तोंडी ठरतो, दोन हमाल सोबत घेतले जातात आणि नांदेडला निघालेले सामान त्याच दिवशी उतरतेही. घोळ होतो तो लांबच्या पल्ल्याला. मुलगा हिंजवडीला किंवा चाकणला नोकरीला लागतो, मागोमाग आईवडील निघतात, आणि मोबाइलवर सापडलेल्या एखाद्या ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ला फोन लावला जातो.

गावातल्या एका निवृत्त शिक्षकांचे असेच झाले. पुण्याला संसार न्यायचा होता. फोनवर १७,००० रुपये ठरले. “सगळं त्यातच आलं ना?” सरांनी विचारले. “आलं सर, तुम्ही काळजीच करू नका.” सामान चढले, ॲडव्हान्स गेला. दुसऱ्या दिवशी गाडी पुण्यातल्या सोसायटीच्या गेटवर उभी राहिली आणि व्हॉट्सॲपवर हिशेब आला. पॅकिंगचे साहित्य २,२००, तिसऱ्या मजल्याची हमाली २,०००, विमा १,५००, ई-वे बिल ५००, टोल १,८००, गाडी थांबल्याचे १,०००. सतराचे सव्वीस हजार झाले. वर एक ओळ होती : पक्के बिल हवे असेल तर १८ टक्के जीएसटी वेगळा.

“सर, माझ्या हातात काही नाही. पैसे जमा झाल्याबिगर ताडपत्री सोडायची नाही, असं मालकानं सांगितलंय,” ड्रायव्हर म्हणाला. त्या ताडपत्रीखाली काकूंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवीही होती. वॉचमन घड्याळ दाखवत होता, कारण संध्याकाळनंतर सामान वर न्यायला सोसायटीत बंदी. सरांनी पैसे भरले.

“सामान आपल्या दारात असतं तोवर भाव आपण करतो. एकदा गाडीत चढलं की तो करतो,” असे सर आता घर हलवणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात. त्यांच्या मोबाइलमध्ये तो हिशेब अजून आहे, आणि तो ओळीओळीने वाचला तर बरेच काही कळते.

सर्वांत सोपी ओळ ई-वे बिलाची. वापरलेल्या घरगुती आणि वैयक्तिक सामानाला जीएसटीच्या नियमांनी ई-वे बिलातून सूट दिलेली आहे. म्हणजे ते ५०० रुपये कशाचेच नव्हते. दुकानातून नुकतीच आणलेली, खोक्यात बंद वस्तू असेल तर तिचे बिल जवळ ठेवावे, एवढेच. कुणी जकातीचे पैसे मागितले तर सरळ नाही म्हणावे. मुंबईतली जकातही १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर संपली. टोल मात्र खरा असतो. पण फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा असल्याने कुठल्या नाक्यावर किती कापले याची नोंद राहते. ती दाखवायला सांगावी, आणि गाडीत इतरांचाही माल असेल तर पूर्ण टोल एकट्याने का भरायचा, हेही विचारावे.

विम्याच्या ओळीपाशी जरा थांबायला हवे. पुष्कळ वाहतूकदार ‘विमा’ म्हणून पैसे घेतात, पण विमा कंपनीची पॉलिसी काढतच नाहीत. पॉलिसी क्रमांक आणि त्यात नोंदवलेली सामानाची किंमत हाती आली नाही, तर तो विमा नव्हे. मग फ्रिज आपटला तर काय? रस्तेमार्गे मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आणि त्याखालचे नियम सांगतात की, जास्त जोखमीचा दर देऊन मालाची किंमत आधी जाहीर केली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच. भरपाईसाठी दावा करायचा तर त्याआधी, बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत, लेखी नोटीसही द्यावी लागते. म्हणून बिल्टी मागून घ्यावी आणि तिच्यावरची तारीख बघावी.

पक्के बिल ही मेहेरबानी नाही. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. जीएसटी क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसते. ॲडव्हान्स पाठवण्याआधी ही दोन मिनिटे खर्च करावीत. नाव वेगळे निघाले तर दुसरा वाहतूकदार शोधावा.

राहिली हमाली, पॅकिंग आणि थांबण्याचे पैसे. यात वाहतूकदाराचीही एक बाजू असते. फोनवर ‘दोन खोल्यांचं सामान’ म्हटले की शहरातला माणूस पलंग, कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन एवढेच मनात धरतो. बाळापूरकडच्या दोन खोल्यांत लोखंडी कोठी असते, गहू-ज्वारीची पोती असतात, कूलर, शिलाई मशीन, पाटा-वरवंटा असतो. आयत्या वेळी ‘सामान जास्त निघालं’ हे वाक्य इथूनच येते. त्यावर उपाय म्हणजे व्हिडिओ कॉलवर घर कोपऱ्याकोपऱ्याने दाखवायचे, माळाही सोडायचा नाही, आणि यादी लिहून पाठवायची. दोन्हीकडचा मजला, लिफ्टमध्ये कपाट मावते का, गाडी दारापर्यंत येते की गल्लीच्या तोंडाशी थांबते, हेही आधीच सांगायचे. मग भाव किती, असे न विचारता या भावात काय काय आले, असे विचारायचे.

तेच व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावे. मजकूर साधा चालतो : “बाळापूर तळमजला ते पुणे तिसरा मजला, सोबतच्या यादीतील सामान, पॅकिंग, चढवणे, उतरवणे, टोल, कर यांसह एकूण रुपये अमुक. स्वतंत्र गाडी. अमुक तारखेला पोहोच. याव्यतिरिक्त काहीही देणे नाही.” समोरून ‘मान्य आहे’ असे उत्तर आल्याशिवाय पहिले खोकेही उचलू देऊ नये. ‘स्वतंत्र गाडी’ हे शब्द नसतील तर सामान दुसऱ्यांच्या मालासोबत जाऊ शकते. ते स्वस्त पडते, पण वाटेत गाडी बदलते आणि दिवसही वाढतात.

अमेरिकेत राज्याबाहेर घर हलवताना, बंधनकारक नसलेला अंदाज दिलेला असला तरी, सामान उतरवताना त्या अंदाजाच्या ११० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. उरलेल्याचे बिल मागाहून पाठवायचे. त्या हिशेबाने सरांना गेटवर १८,७०० रुपयांत सामान मिळाले असते. आपल्याकडे अशी टक्केवारी कुठे बांधलेली नाही, त्यामुळे मर्यादा आपणच लिहून घ्यायची.

जवळच्या पल्ल्यालाही भावाचे गणित असते. हळद बाजारात येऊ लागली की गाड्या त्या मालाला लागतात. शिक्षकांच्या बदल्या आणि मुलांच्या क्लाससाठी नांदेडला निघालेली कुटुंबे याच उन्हाळ्यात गाडी शोधतात, तेव्हा भाडे चढेच राहते. “येताना रिकामं यावं लागतं” म्हणून गाडीवाला जाण्यायेण्याचे भाडे धरतो. अशा वेळी नांदेडहून किराणा किंवा फर्निचर घेऊन आलेली, परत निघालेली गाडी गाठावी. तिला मिळेल ते भाडे जास्तीचेच असते. हमाली भाड्यात धरली आहे की वेगळी, हे मात्र तिथेही आधीच बोलून घ्यावे.

एवढे करूनही गेटवर अडवणूक झालीच, तर ड्रायव्हरशी भांडून उपयोग नाही. आधीचा लेखी भाव आणि नवा हिशेब दोन्ही जपावे. पैसे द्यावेच लागले तर रोख न देता फर्मच्या खात्यावर टाकावे आणि ‘जादा रक्कम मान्य नाही, तक्रार करणार’ असा संदेश लगेच पाठवावा. सामान उघडून बघितल्याशिवाय पोहोच-पावतीवर सही करू नये. फुटतूट असेल तर ती त्याच पावतीवर लिहावी आणि फोटो काढावेत. धमकी आली तर ११२. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे मिटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. त्यासाठी कंपनीच्या गावी खेपा घालाव्या लागत नाहीत, कारण तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात तक्रार चालते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.