रोग हटत नाही तेव्हा

घरातले म्हातारे माणूस आजारी पडले, की आपण औषधपाणी करतो. पुष्कळ आजार बरे होतात. पण सगळेच होत नाहीत. कॅन्सर फार पसरला, हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होत गेले, तर औषधाने रोग हटत नाही. तेव्हा काय करावे?

एका घरी असेच झाले. आबांना पोटाचा कॅन्सर होता. तालुक्याला नेले. जिल्ह्याला नेले. तीन महिन्यांत तीनदा दवाखाना झाला. थोरला मुलगा म्हणाला, "शेत इकतो, पण आबांना बरं करा."

डॉक्टरांनी त्याला जवळ बसवले. ते म्हणाले, "शेत विकून हा रोग जायचा नाही. पण आबांचे दुखणे कमी करता येईल."

"म्हंजी आता हात टेकायचे का, साहेब?"

"नाही. आता तर सेवा जास्त करायची. आबांना काय हवे, ते त्यांनाच विचार."

आबा म्हणाले, "मला माझ्या ओसरीवर न्या."

ही वेळ कशी ओळखावी? या खुणा ध्यानात ठेवा :

१. वारंवार दवाखान्यात न्यावे लागते, पण गुण येत नाही.
२. अन्न कमी होते. अंग झडते.
३. माणूस बहुतेक वेळ अंथरुणावर असतो. दिवसाही झोपून राहतो.
४. दुखणे किंवा धाप थांबत नाही.
५. "आता उपचार नकोत," असे रोगी स्वतः म्हणतो.

एवढ्यावरून आपणच निकाल करू नये. अशक्तपणा दुसऱ्या कारणानेही येतो, आणि तो बरा होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारावे, "या उपचाराने रोग बरा होईल का? नसेल, तर त्रास कसा कमी करावा?"

त्रास कमी करण्याच्या या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. शेवटच्या दिवसांत ही सेवा जिथे मिळते, त्या जागेला हॉस्पिस म्हणतात. मुंबईत वांद्रे येथे 'शांती अवेदना सदन' १९८६ साली सुरू झाले. ते आपल्या देशातले पहिले हॉस्पिस. तेथे कॅन्सरच्या रोग्यांची सेवा मोफत होते. ही सेवा घरीही करता येते. आशाताईंना किंवा सरकारी दवाखान्यात विचारावे.

फार दुखत असेल, तर डॉक्टर मॉर्फिन देतात. ते सांगितले तेवढेच द्यावे. रोग्याची कूस दर दोन तासांनी बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. बळेच भरवू नये. गुंगीत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ठसका लागतो. ओल्या फडक्याने ओठ भिजवावेत.

आबा पुढे चाळीस दिवस ओसरीवर होते. दुखणे कमी झाले होते. नातवंडे जवळ बसत. आबा त्यांच्याशी बोलत. शेतही राहिले.

प्रश्न :
१. डॉक्टरांना कोणते दोन प्रश्न विचारावेत?
२. रोग्याची कूस का बदलावी?
३. तुमच्या गावच्या आशाताईंचे नाव लिहा.