सेवा संपल्यानंतरचा शोक

आपल्याकडे मृत्यूनंतरचे तेरा दिवस घर माणसांनी भरलेले असते. दहाव्याला पिंडदान व काकस्पर्श, बाराव्याला सपिंडी, तेराव्याला गोडाचे जेवण, पुढे मासिक श्राद्धे आणि वर्षश्राद्ध. शास्त्राने दुःखाला आखून दिलेली ही वाट बहुतेकांना पार नेते. वर्ष सरता सरता माणूस पुन्हा शेताकडे, नातवंडांकडे, देवळाकडे वळतो. परंतु काहींच्या बाबतीत तसे घडत नाही. अशांविषयी, त्यातही वर्षानुवर्षे घरच्या रुग्णाची शुश्रूषा केलेल्या वृद्धांविषयी, येथे लिहावयाचे आहे.

वडिलांबरोबर विधीसाठी घरोघर जाताना ही माणसे माझ्या दृष्टीस पडतात. कमठाण्यातच एका घरी वर्षश्राद्ध आटोपल्यावर यजमानांच्या मातोश्रींनी वडिलांना विचारले, “गुरुजी, रात्री दोनला जाग येते, तेव्हा आता मी काय करायचे?” त्यांचे पती अर्धांगवायूने कित्येक वर्षे अंथरुणाला खिळलेले होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीसुद्धा दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे. पती गेले, पण जाग मात्र ठरल्या वेळी येतच राहिली. खाट तशीच होती, चादर रोज झटकली जात होती. शेवटच्या रात्री आपला डोळा लागला म्हणूनच ते गेले, हे एकच वाक्य त्या वर्षभर घोळवीत होत्या. वडिलांना उत्तर सुचले नाही, आणि मी तर बोलून चालून मुलगाच.

अशा वृद्धांची हानी दुहेरी असते. माणूस जातो आणि त्याच्याबरोबर दिवसाचे कामही जाते. औषधाच्या वेळा, पेज, अंग पुसणे, यांवरच ज्यांचा दिवस उभा होता त्यांना सकाळी उठण्याचे कारण उरत नाही. त्यात आणखी एक गोष्ट असते, ती कोणी उघड बोलत नाही. मृत्यूने सुटका झाली असे क्षणभर वाटलेले असते, आणि त्या वाटण्याची लाज मनात सलत राहते. स्मृतिभ्रंश झालेल्यांची शुश्रूषा करणाऱ्या २१७ कुटुंबीयांचा अमेरिकेतील एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी शेकडा ७२ जणांनी, मृत्यूने आपल्यालाही सुटल्यासारखे वाटले, असे सांगितले. म्हणजे तो कोणा एकाच्या कठोर मनाचा दोष नव्हे. हे जरी घरातल्या कोणी त्यांना समजावून सांगितले तरी पुष्कळ आहे.

शोक हा रोग नाही. परंतु गेलेल्याची तीव्र ओढ किंवा त्याचाच ध्यास दीर्घकाळ कमी होत नाही आणि नित्याचे जगणे अडते, तेव्हा वैद्यकशास्त्र त्याला दीर्घकालीन शोकविकार म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची मर्यादा आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी त्याच साली प्रौढांसाठी एक वर्षाची ठरविली. दोन्हीकडे अशी अट आहे की, तो शोक त्या माणसाच्या समाजाच्या व धर्माच्या रीतीहून अधिक असला पाहिजे. आपल्या रीतीने पाहता वर्षश्राद्ध हे थांबून विचार करण्याचे स्थळ होय.

यावरचा उपचार मुख्यतः संभाषणाचा आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉ. कॅथरीन शिअर यांनी तो सिद्ध केला. आठवड्यास एक याप्रमाणे सोळा बैठका असतात. रुग्ण रोज शोकाची चढउतार टिपून ठेवतो. मृत्यूच्या वेळची हकीकत तो डोळे मिटून मोठ्याने सांगतो, तिचे ध्वनिमुद्रण घरी ऐकतो, आणि पुढच्या बैठकीत पुन्हा सांगतो. ज्या वस्तू, ज्या जागा टाळल्या जातात, त्यांच्याकडे हळूहळू परत जातो. मृताशी कल्पनेने बोलतो आणि त्याच्या वतीने उत्तरही देतो. एका बैठकीस जवळचा नातलगही बोलावतात. त्याबरोबरच पुढच्या आयुष्यातील एखादी लहानशी इच्छा शोधून तिच्या दिशेने पाऊल टाकावयाचे असते. पन्नाशीच्या वरील १५१ जणांवरील प्रयोगाचा वृत्तान्त २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात या उपचाराने शेकडा सुमारे ७० जणांना गुण आला. दुसऱ्या एका मान्य संभाषण-उपचाराने ३२ जणांना. उदासीनतेवरील गोळीने शोक कमी होण्यास तशी मदत झाली नाही, हे २०१६ च्या प्रयोगात दिसले. मात्र या उपचाराच्या जोडीने दिल्यास उदासीनता कमी झाली.

हे वाचताना मला सपिंडी आठवली. त्या विधीत प्रेतपिंडाचे तीन भाग करून ते पिता, पितामह व प्रपितामह यांच्या पिंडांत मिसळतात. गेलेला त्या क्षणी नाहीसा होत नाही. तो प्रेत न राहता पितर होतो, आणि दरवर्षी भाद्रपदात त्याला आदराने बोलावले जाते. नाते तुटत नाही, त्याची जागा बदलते. त्या उपचारातही मृताला विसरण्यास कोणी सांगत नाही.

रमाबाई रानडे यांचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. त्या वृद्ध नव्हत्या, चाळिशीच्याही आत होत्या. न्यायमूर्तींची आजारपणात शुश्रूषा केल्यावर १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांना वैधव्य आले, आणि पुण्यात त्यांनी जवळजवळ एक वर्ष एकांतात काढले. पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले, १९१० साली पतीच्या सहवासाच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. एका हाताने नवे काम आणि दुसऱ्या हाताने जुनी आठवण, अशी ती वाटचाल दिसते.

आपण मात्र बहुधा घाई करतो. काठी, चष्मा, औषधाच्या बाटल्या लपवितो, गेलेल्याचे नाव काढीत नाही, आणि ‘आत्मा अमर आहे’ असे सांगून मोकळे होतो. भगवंतांनी तरी अर्जुनाचा विषाद पहिला अध्याय संपेपर्यंत जवळजवळ काही न बोलता ऐकून घेतला, हे गीता सांगणारांनीही लक्षात ठेवावे. (मी यात माझ्या वडिलांनाही सोडीत नाही, त्यांना हा लेख वाचून दाखविला आहे.)

वडील पुन्हा त्या घरी गेले, आणि ती रात्र कशी गेली ते सांगा, असे त्यांनी विचारले. बाईंनी पुष्कळ वेळ सांगितले. दुसऱ्या खेपेला सांगताना त्यांना आठवले की, डोळा लागण्यापूर्वी त्यांनी पतीची कूस बदलली होती आणि चमच्याने पाणीही पाजले होते. हा काही उपचार नव्हे. तो शिकलेल्या माणसानेच करावयाचा असतो, आणि असे समुपदेशक आपल्याजवळ सहज मिळणार नाहीत. तरी दार बंद नाही. बंगळूरच्या निम्हान्सने १९८० नंतरच्या दशकात बल्लारी जिल्ह्यात केलेल्या कार्यावरून १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करावी. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तेथे मराठीत व कन्नडमध्येही बोलता येते. वृद्ध माणूस अन्न सोडील किंवा ‘मलाही त्यांच्याकडेच जायचे आहे’ असे म्हणू लागेल, तर वर्षश्राद्धाची वाट पाहू नये. घरच्यांनी त्याला एकटे न ठेवता त्याच दिवशी दूरध्वनी करावा व डॉक्टरांकडे न्यावे.