‘थांबा’ म्हणण्याची ड्युटी

नागपूर

चि. छोटीस,


भनपुरीच्या नर्सिंग होममध्ये रुजू झालीस, हे ताईनं फोनवर सांगितलं. रायपूर काही परदेश नाही, आपली अर्धी नातीगोती त्याच रेल्वेलाईनवर आहेत. पण तिथला वॉर्ड तुला नवा वाटेल. एका अंगाला लाकडाच्या वखारी, पलीकडे उरला-बीरगावचे कारखाने. करवतीत बोटं गेलेले, भट्टीपाशी भाजलेले असे कामगार येतील, त्यातले कितीतरी बिहार-ओडिशातून आलेले, सोबत नातेवाईक नसलेले. साहू, वर्मा, यादव ही आडनावं तर दर दोन खाटांमागे. म्हणून इंजेक्शन देताना ‘रामकुमार ना तुम्ही?’ असं कधी विचारू नकोस. ग्लानीतला, घाबरलेला, कानानं कमी ऐकणारा, सगळेच मान डोलावतात. ‘तुमचं नाव काय?’ विचार, त्याच्या तोंडून येऊ दे, मग केसपेपरशी ताडून बघ. रक्ताची पिशवी लावायची असेल तर हेच दोघींनी मिळून, खाटेपाशी उभं राहून करायचं. काउंटरवर बसून सह्या करणाऱ्या तुला भेटतील. त्यांच्यात मिसळू नकोस.

हात धुणं, खाटेचे कठडे वर करणं, हे तुला नर्सिंगच्या शाळेत घोटवून शिकवलंय, ते पुन्हा लिहीत नाही. शाळेत जे शिकवत नाहीत ते लिहिते.

तू जिथे आहेस तिथून बिलासपूर दोन-तीन तासांवर. 8 नोव्हेंबर 2014 ला तिथे एका बंद पडलेल्या खासगी हॉस्पिटलच्या इमारतीत नसबंदीचं शिबिर झालं. एका सर्जननं काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं केली. नियम होता, एका पथकानं दिवसाला 30. पुढच्या दिवसांत दहाहून अधिक जणी गेल्या. दोष ऑपरेशननंतर दिलेल्या गोळ्यांचा की जंतुसंसर्गाचा, यावर वाद बराच चालला. डॉक्टरवर गुन्हा झाला, औषधवाले पकडले गेले. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टानं अशी शिबिरंच तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितलं. हे सगळं वर्तमानपत्रांत आलं. मी मात्र दुसराच विचार करत बसते. त्या खोलीत डॉक्टर एकटा नव्हता. हत्यारं हातात देणारं कुणी होतं, बायकांना आत घेणारं, बाहेर काढणारं कुणी होतं. एकतिसावी बाई आत आली तेव्हा मोजता येणारी माणसं तिथे होती. त्यांना दोष देणं सोपं आहे, मी देत नाही. वरून आकडा ठरलेला, साहेबांपुढे बोलायची रीत नाही, नोकरी हंगामी. अशा खोलीत ‘थांबा’ कोण म्हणणार? पण म्हणायला हवं होतं ते कुणीतरी खालच्यानंच.

म्हणून बोलायचं कसं ते शिकून घे. ‘सर, तुम्ही चुकताय’ म्हटलंस की सर ऐकणं बंद करतात. केसपेपर पुढे धर आणि म्हण, ‘सर, यांना पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलीय, तरी देऊ?’ बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर मेट्रनला बोलाव, पण शंका फिटेपर्यंत तुझ्या हातानं ते इंजेक्शन जाऊ देऊ नकोस. फोनवर ऑर्डर आली तर लिहून घे, वाचून दाखव आणि ‘बरोबर’ ऐकल्याशिवाय फोन ठेवू नकोस. अर्धा मिलिग्रॅम असेल तर 0.5 लिही, नुसतं टिंब दिलंस तर घाईत 5 वाचला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 मध्ये ऑपरेशनसाठी एक तपासयादी काढली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी असं तीनदा थांबायचं. त्यात एक कलम असं, की चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. सर्जन याला हसतात. मला ते त्या यादीतलं सर्वांत शहाणं कलम वाटतं, कारण जिनं एकदा तोंड उघडलंय तिला पुढे गडबड दिसली तर दुसऱ्यांदा उघडणं जड जात नाही.

पोटॅशियम क्लोराईडच्या अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरशेजारी ठेवलेल्या दिसल्या तर त्याच दिवशी हलवायला लाव. पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं, आणि रात्री तीनला दोन्ही सारख्याच दिसतात.

आणखी एक काम पहिल्याच आठवड्यात कर. आगीचा सिलेंडर कुठे आहे, चालतो का, ऑक्सिजनची लाईन कुठून बंद होते, कोणतं दार रात्री कुलपात असतं आणि किल्ली कुणाकडे, हे स्वतः फिरून बघ. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली. 17 बाळं होती, 7 वाचली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रायपुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात आगीनं कोविडचे पेशंट गेले. तारा कुणी तपासायच्या हे तुझ्या हाती नाही, पण जळका वास आला आणि ‘एसी जुना आहे’ म्हणून कुणी हसण्यावारी नेलं, तर तू नेऊ नकोस.

चूक होता होता टळली तर तीही वहीत लिहायचा आग्रह धर. वही नसेल तर मेट्रनकडे माग. नाव कुणाचं लिहायचं नाही, काय घडलं तेवढंच. लहान नर्सिंग होममध्ये याला चुगली समजतात, म्हणून पहिली नोंद जरा मोठ्या सिस्टरच्या हातून होऊ दे.

तिथे स्टाफ कमी असतो, डबल ड्युटी गळ्यात येईल. एखाद्या वेळी कर. सलग दुसऱ्या रात्रीनंतर दिवसाचीही लावली तर लेखी कळव की डोस मोजायला मी जागी नाही. रागावतील, रागावू देत. आणि पुढच्या महिन्याचं ड्युटीचं पत्रक लागलं की फोटो काढून ताईला पाठव, म्हणजे रात्रपाळी करून झोपलेल्या तुला ती फोन करून उठवत बसणार नाही.

तुझी,
मावशी