एक नाव, दोन झाडे : सोनचाफा आणि खुरचाफा

शाळेच्या वर्धापनदिनी, निरोप समारंभात किंवा एखाद्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आवारात झाड लावण्याची प्रथा निवासी शाळांमध्ये सर्वत्र आढळते. अशा रोपांत चाफ्याला आवर्जून स्थान मिळते. रोप लावण्याचा दिवस थाटाने साजरा होतो. त्यानंतरच्या वर्षाची आठवण मात्र फार थोड्यांना राहते. रोप जगणार की मरणार, हे तर त्या वर्षातच ठरत असते. म्हणून या लेखात आपण ‘चाफा’ या एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन झाडांचा तुलनात्मक अभ्यास करू. नाव एक असले, तरी सोनचाफा आणि खुरचाफा यांचे कूळ, मूळ स्थान आणि तहान यांत मोठे अंतर आहे.

नाव एक कसे झाले?

सुगंधी फूल दिसले की त्याला चाफा म्हणावे, अशी आपल्या भाषेची रीत दिसते. नागचाफा, हिरवा चाफा, भुईचाफा, कवठी चाफा ही नावे आपण ऐकतो. यांपैकी हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातील आहे, तर भुईचाफा हळदीच्या कुळातील कंदवनस्पती आहे. तेव्हा नावावरून नाते ठरवता येत नाही.

संस्कृत आणि पालि वाङ्मयातील ‘चंपक’ म्हणजे सोनचाफा. पूर्व हिमालयापासून सह्याद्रीपर्यंतच्या ओलसर जंगलांत तो आपोआप वाढतो. प्राचीन अंग देशाची राजधानी चंपा ही आजच्या बिहारमधील भागलपूरजवळ होती. दीघनिकायातील सोणदण्ड सुत्ताचा प्रसंग या नगरीतील गग्गरा पुष्करिणीच्या काठी घडतो, आणि अट्ठकथेत त्या काठावरील चंपकवनाचे वर्णन येते. ते वन खुरचाफ्याचे असणे शक्य नाही, कारण खुरचाफा त्या काळी आशिया खंडातच नव्हता.

खुरचाफ्याचे मूळ स्थान मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटे. युरोपीय दर्यावर्दींच्या जहाजांतून सोळाव्या शतकानंतर तो आशियात पसरला. त्याचे ‘प्लुमेरिया’ हे शास्त्रीय नाव शार्ल प्लुमिए या सतराव्या शतकातील फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले आहे. आपल्याकडे तो इतका रुजला, की देवळांच्या आणि विहारांच्या आवारात त्याला कोणी परका म्हणत नाही. श्रीलंकेत ‘अरलिया’ या नावाने त्याची फुले विहारांत अर्पण केली जातात. लाओसचे तर ते राष्ट्रीय फूल असून तेथे त्याला ‘डोक चंपा’ म्हणतात. भारतीय झाडाचे नाव असे अमेरिकेतून आलेल्या झाडाने धारण केले आहे.

ओळख

सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातील सदाहरित वृक्ष आहे. जंगलात तो तीस मीटरपर्यंत उंच जातो. पाने लांबट, टोकदार आणि फांदीवर एकाआड एक येतात. पिवळी ते नारिंगी फुले पानांच्या बगलेत एकेकटी उमलतात आणि त्यांच्या पाकळ्या सुट्या असतात. फळे घोसाने येतात. ती उकलली की आत लालसर आवरणाच्या बिया दिसतात.

खुरचाफा कण्हेर आणि सदाफुली यांच्या कुळातील आहे. तो बहुधा पाच ते सात मीटरच वाढतो. फांद्या जाड व गरदार असतात आणि पाने त्यांच्या टोकांशी झुबक्याने येतात. पाच पाकळ्या तळाशी जुळून त्यांची नळी बनते. फूल रात्री अधिक दरवळते, पण त्यात मध नसतो. मधाच्या आशेने आलेले पतंग रिकामेच परत जातात आणि जाताना परागकण मात्र घेऊन जातात. पान किंवा फांदी तोडली की पांढरा चीक येतो. हा चीक त्वचेला आणि डोळ्यांना दाहक असतो, म्हणून लहान मुलांना फांद्या मोडू देऊ नयेत. चीक लागल्यास ती जागा भरपूर पाण्याने धुवावी.

पाणी आणि माती

दोन्ही झाडांच्या गरजांतील खरा भेद येथे आहे. सोनचाफ्याला खोल, भुसभुशीत, सेंद्रिय खताने समृद्ध, किंचित आम्लधर्मी जमीन मानवते. तिच्यात सतत ओल हवी, परंतु पाणी साचता कामा नये. चुनखडीच्या जमिनीत त्याला लोह नीट घेता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पुष्कळ जण हे पाणी कमी पडल्याचे लक्षण समजून आणखी पाणी देतात, आणि रोग एक तर उपाय दुसराच होतो. अशा वेळी पाणी वाढवण्याऐवजी भरपूर कंपोस्ट द्यावे, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

खुरचाफा आपल्या गरदार फांद्यांत पाणी साठवून ठेवतो. त्याला मुरमाड, हलकी, चटकन निचरा होणारी जमीन आणि दिवसातून किमान सहा तास ऊन लागते. काळ्या जमिनीत तो लावायचा असेल तर मुरूम व वाळू मिसळून उंचवटा करावा आणि त्यावर लावावा. हिवाळ्यात त्याच्या बहुतेक जाती पाने गाळतात. ते झाड मेलेले नसते. ते विश्रांती घेत असते. या काळात पाणी जवळजवळ बंद ठेवावे. निष्पर्ण झाडाची कीव येऊन कोणी रोज बादली ओतली, तर बुंधा मऊ पडून कुजतो. बोथट टोकाच्या पानांची पांढरी जात मात्र बहुधा वर्षभर हिरवी राहते.

लागवड

सोनचाफा बियांपासून किंवा कलमाने वाढतो. बियांची उगवणशक्ती लवकर नष्ट होते, म्हणून त्या ताज्याच पेराव्यात. बियांपासून वाढलेले झाड फुलायला आठ-दहा वर्षे घेऊ शकते. कलम एक-दोन वर्षांत फुलते. त्यासाठी दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. मुळे नाजूक असल्याने मातीचा गोळा फुटू देऊ नये, आणि एकदा लावलेले झाड पुन्हा हलवू नये.

खुरचाफा फांदीपासून सहज येतो. उन्हाळ्यात हातभर लांबीची पक्व फांदी कापावी आणि आठ-दहा दिवस सावलीत ठेवावी. कापलेला भाग सुकून बंद झाल्यावरच ती रेताड मातीत लावावी. चीक वाहत असताना लावलेली फांदी बहुधा कुजते. सोनचाफ्याच्या बीला उशीर सोसत नाही, तर खुरचाफ्याच्या फांदीला घाई सोसत नाही.

सुट्टीचा प्रश्न

निवासी शाळेचे वर्ष आणि झाडाचे वर्ष यांचा मेळ बसत नाही. जूनमध्ये रोप लावले जाते, पावसाळा ते सांभाळतो, हिवाळ्यात मुले पाणी घालतात. पण रोपाचा पहिला उन्हाळा येतो तेव्हा वसतिगृह रिकामे झालेले असते. खुरचाफा ही सुट्टी निभावून नेतो. सोनचाफ्याचे कोवळे रोप मे महिन्याची कोरडी झळ पाण्यावाचून सोसत नाही. जून उजाडतो तेव्हा नावाची पाटी शाबूत असते आणि तिच्यामागे वाळलेली काडी उभी असते.

यावर उपाय साधे आहेत. रोपाजवळ सच्छिद्र मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे. त्यातील पाणी हळूहळू झिरपते. बुंध्याभोवती चार बोटे जाड आच्छादन करावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये. पश्चिमेकडून गवताच्या ताट्याची सावली करावी. आणि सुट्टीत चार-पाच दिवसांनी मडके भरण्याचे काम गावातील एखाद्या पालकाकडे किंवा माजी विद्यार्थ्याकडे नाव लिहून सोपवावे. सर्वांचे म्हणून सोडलेले काम बहुधा कोणाचेच राहत नाही.

समान वाटप आणि समता

बागेत पाळीने पाणी घालणारी मुले प्रत्येक झाडाला एकेक बादली घालतात. त्यामागील न्यायबुद्धी चांगली आहे. कोणाला कमी नको, कोणाला जास्त नको. परंतु तीच बादली सोनचाफ्याला अपुरी पडते आणि हिवाळ्यातील खुरचाफ्याला जीवघेणी ठरते. दोघांनाही जगण्याची आणि फुलण्याची सारखी संधी द्यायची, तर दोघांचे पाणी वेगळेच मोजावे लागेल. समतेचा अर्थ मुलांना फळ्यावर शिकवताना आम्हांला हे उदाहरण उपयोगी वाटते, कारण ते त्यांना हात लावून पाहता येते. माती बोटभर उकरावी; सोनचाफ्याखाली ती कोरडी लागली तर पाणी द्यावे, खुरचाफ्याखाली कोरडी लागली तरी आणखी काही दिवस थांबावे.

ज्या माजी विद्यार्थ्यांना शाळेला रोप भेट द्यायचे आहे, त्यांनी आधी जागा पाहावी. माती खोल आणि पाण्याची सोय जवळ असेल तर सोनचाफा द्यावा. आवाराच्या टोकाला मुरमाड, उन्हाची जागा असेल तर खुरचाफा द्यावा. दोन्ही लावता आले तर उत्तमच. मग दोघांसाठी एकेक वही ठेवावी. नवे पान केव्हा आले, पाने केव्हा गळली, पहिली कळी केव्हा दिसली, पाणी किती दिवसांनी दिले, एवढ्या चार नोंदी वर्षभर केल्या तरी पुरे. पुढच्या वर्षी पाळीवर येणाऱ्या मुलांच्या हाती बादलीबरोबर ती वहीही द्यावी.