मोठे टायर, नाचणारं स्टीअरिंग

मारुती जिप्सी १९८५ साली आली. शोरूममधून ती कधीच गेली, पण पावसाळ्यात ताम्हिणीच्या बाजूला अजून दिसते, आणि बहुतेक वेळा कंपनीच्या मापापेक्षा मोठ्या टायरवर. या गाडीच्या पुढच्या चाकांखाली आडवं पडून जे कळलं, ते असं :

१. मिस्त्रीकडे जाण्याआधी स्वतःला विचारा : स्टीअरिंग नेमकं कधी हलतं? ठरावीक वेगाला, समजा सत्तर-ऐंशीला, बारीक थरथर येते आणि वेग पुढेमागे केला की जाते, तर संशय टायर-रिमवर घ्या. खड्डा किंवा पुलाचा सांधा लागला आणि पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी पिसाटल्यासारखी नाचू लागली, गाडी पार हळू होईपर्यंत थांबली नाहीत, तर तो वॉबल. तो बॅलन्सिंगने जात नाही. टायर फक्त काडी लावतो; दारूगोळा सांध्यांतल्या प्लेमध्ये, म्हणजे ढिलाईत असतो.

२. बॅलन्सिंगला पैसे देण्याआधी रिमची आतली बाजू धुवा. २३५/७५ आर १५ हा टायर साधारण ७३ सेंमी उंच, म्हणजे मूळच्या २०५/७० पेक्षा साडेसहा सेंमीने जास्त. ताशी ८० ला तो सेकंदाला साडेनऊ फेरे घेतो. रिमच्या आतल्या कडेला चिकटलेला ५० ग्रॅम चिखल त्या वेगाला साडेतीन किलोच्या जोराने चाक ओढतो, तेही प्रत्येक फेऱ्याला नव्या दिशेने. वाळलेला चिखल पाण्याच्या फवाऱ्याने निघत नाही, स्क्रू ड्रायव्हरने खरवडावा लागतो.

३. मशीनवर आकडा शून्य आला म्हणून लगेच उठू नका. चाक सैल करून, थोडं फिरवून परत बसवायला सांगा. आकडा बदलला तर चाक मशीनच्या शंकूवर नीट बसलेलंच नव्हतं. टायरवाला कुरकुर करेल, करू दे. रिमला शिशाची माळच लावावी लागत असेल, तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बघा. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती त्याची हलकी बाजू. ती व्हॉल्व्हजवळ यावी.

४. चिखलात हवा कमी करून गाडी रेटली की टायर रिमवर सरकतो आणि आधीचं बॅलन्सिंग वाया जातं. व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूने रेघ मारून ठेवा. परतल्यावर रेघ हललेली दिसली की समजायचं.

५. पुढचे टायर मागे टाका. थरथर स्टीअरिंगमधून सीटखाली गेली, तर दोष टायरचा. याला फक्त जॅक आणि पाना लागतो.

६. आता वॉबल. दोन माणसं हवीत. चाकं जमिनीवरच ठेवून एकाने स्टीअरिंग थोडंथोडं डावं-उजवं करायचं. दुसऱ्याने खाली झोपून एकेका टाय रॉड एंडवर बोटं ठेवायची. डोळ्याला न दिसणारी खटखट बोटाला लागते. मग चाक उचला आणि वर-खाली धरून हलवा. खटका लागला की आतल्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खटका गेला तर व्हील बेअरिंग ढिलं. राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर डावं-उजवं वळतं तो खिळा. जिप्सीत मला बहुतेकदा किंगपिनच सापडले, आणि बहुतेक गॅरेजांत ते सगळ्यात शेवटी बघतात. किंगपिनखालच्या शिमा (पातळ चकत्या) कमी केल्या की त्याचं बेअरिंग आवळतं. टाय रॉड सोडवून, ऑइल सील काढून नकलला (किंगपिनवर वळणाऱ्या भागाला) स्प्रिंगचा काटा लावायचा आणि किती जोराला ती वळते ते मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडायचं. अंदाजाने जास्त आवळलं तर वळणानंतर स्टीअरिंग आपणहून सरळ येत नाही, आणि घाटात हा नवा वैताग.

७. ‘नवीन स्टीअरिंग डॅम्पर टाका, साहेब’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. नव्या डॅम्परने वॉबल दबतो, आतली झीज चालूच राहते. आधी प्ले काढा. जुना डॅम्पर गळत असेल तर त्यानंतर बदला.

८. गाडी उंच करायला पुढे लांब शॅकल टाकले की एक्सल फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. सरळ धावायची ओढच जाते. पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये पाचर घालून कॅस्टर परत मिळवता येतो.

९. अलाइनमेंटवाला कॅम्बरचा तक्ता हातात देईल. अखंड एक्सलला तिथे फिरवायला काही नाही. टो-इन मात्र बघा, आणि ते घरी टेपनेही होतं : टायरच्या मधोमध खडूची खूण, पुढून एक माप, मग गाडी ढकलून खुणा मागे आणून त्याच उंचीवर दुसरं. पुढचं माप दोन-चार मिलिमीटरने कमी हवं. टाय रॉडचा नट घट्ट केल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना रॉड थोडा फिरतोच.