ऐकत फिरण्याची सहल : बाजाराला नवा गिऱ्हाईक

वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात ट्रक भरेपर्यंत बाहेरगावचा व्यापारी चहाच्या टपरीवर बसून राहतो. तेवढ्या वेळात तो महाल, इतवारी, मोमिनपुरा पाहू शकतो. पण दाखवणारा कोण? याचे उत्तर म्हणजे ध्वनिमुद्रित सहल. मोबाईल खिशात, माहिती कानात आणि चाल आपल्या सवडीची.

ही कल्पना जुनीच. 1952 साली ॲमस्टरडॅमच्या एका संग्रहालयाने पाहुण्यांना छोट्या रेडिओवरून माहिती ऐकवली. 1979 मध्ये वॉकमन आला आणि कॅसेट ऐकत रस्त्याने फिरणे सोपे झाले.

आपल्या शहराकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. गोंड राजा बख्त बुलंद शाहने 1702 साली बारा वस्त्या जोडून नागपूर वसवले. महालातला गांधी गेट म्हणजे पूर्वीचा जुम्मा दरवाजा. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. आज ती गिरणी नाही. मोमिनपुऱ्याच्या नावातच मोमिन विणकर आहेत.

अशी सहल तयार करण्याची रीत सोपी आहे :

1) वाट ठरवा. गांधी गेट, बडकस चौक, इतवारी सराफा, गांधीबागेचा कापड बाजार आणि शेवटी मोमिनपुरा. आठ-दहा थांबे पुरेत.

2) प्रत्येक थांब्याला दोन मिनिटे, म्हणजे सुमारे अडीचशे शब्द. इमारतीसोबत तिथला धंदाही सांगा.

3) मराठी, उर्दू, हिंदी अशा तिन्ही भाषांत मुद्रण करा. वाट सांगताना "उजव्या हाताला वळा" असे स्पष्ट बोला. रस्ता ओलांडताना आवाज बंद ठेवायला सांगा.

4) दुकानाच्या दर्शनी भागी क्यूआर कोड लावा. ऐकणारा तिथे थांबतो. थांबलेला माणूस मालही पाहतो.

5) एका दुकानाची जाहिरात करू नका. साऱ्या बाजाराचे सांगाल तरच लोक विश्वास ठेवतील.

सर्वांत आधी मात्र एक काम करा. माग चालवलेले जे बुजुर्ग आहेत, त्यांच्याकडून ताणा, बाणा, धोटा यांची हकीकत त्यांच्याच आवाजात नोंदवून घ्या. चालत्या हातमागाचा खटखट आवाजही घ्या. वाट पुढच्या वर्षी ठरवता येईल, क्यूआर कोड केव्हाही छापता येईल. पण तो आवाज एकदा गेला, तर कोणत्याही गोदामातून परत मागवता येणार नाही.